देव नसलेली पानं

मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाईचे, म्हणजे इथल्या पावट्याच्या शेंगांचे, ढीग लागले, की आमच्या घरातलं वर्ष संपत आलं असं समजायचं. कॅलेंडर नंतर बघायचं, आधी नाकाला कळतं. ह्या शेंगांना एक उग्र, तेलकट वास असतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात आणि वास जितका जास्त तितकी शेंग अस्सल मानतात. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बंगळूरला आले त्या पहिल्या थंडीत मला वाटलं, शेजारी कुणीतरी ढेकणांचं औषध मारलंय. हे मी मोठ्याने बोलले आणि सासरी चारचौघांत माझी चांगलीच शोभा झाली. आता तोच वास आला की मी गाडीवाल्यापाशी थांबते, दोन शेंगा हातात चोळून हुंगते आणि वर नाक मुरडून, सोगडु कमी आहे म्हणून भाव पाडते.

परवा शेंगा आणल्या. सोलल्या, दाणे रात्रभर भिजत टाकले. दुसऱ्या दिवशी एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, की आतली डाळ सुळकन बाहेर उडते आणि साल बोटांत राहते. कंटाळवाणं काम आहे, ते दोघींनी गप्पा मारत करायचं असतं. यंदा मी एकटीनेच केलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मदत म्हणून मूठभर दाणे दाबले, त्यातले निम्मे ओट्याखाली उडवले आणि पेपर घेऊन बसले. अक्का असत्या तर एक शब्द बोलल्या नसत्या. ओट्याखाली हात घालून त्यांनी ते दाणे गोळा केले असते. त्यांच्या हाताला सापडायचं नाही असं आमच्या घरात काही नव्हतं.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे लहान असताना आई गेली, तेव्हापासून अक्कांनीच ह्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या मातीत रमल्या. हे घराणं बंगळूरचं किती जुनं विचाराल, तर कुणाच्या तरी फौजेबरोबर आलो आणि परत जायचं राहून गेलं, एवढंच ते सांगतात. त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की वेगळी काढायला चाळणी हवी. थोडंसं म्हणायला ‘स्वल्प मीठ घाल’, बरं म्हणायला ‘सरी, येते मी.’ सुरुवातीला मी हसायचे. मग एकदा निपाणीला फोनवर मीच वहिनीला ‘सरी, ठेवते’ म्हणाले आणि ती हसली. तेव्हापासून मी गप्प बसते.

आमचं घर बेताचंच, पण मागे मातीचा एक पट्टा आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की दोन पायऱ्या, मग नळ, नळाशी अळू, मधे पेरूचं झाड, एका बाजूला तुळस, आणि पार टोकाला भिंतीशी अबोलीचा वाफा. इथे तिला कनकांबर म्हणतात आणि तिचा गजरा घातल्याशिवाय बाई लग्नाला जात नाही. अक्का रोज सकाळी अनवाणी त्या टोकाला जायच्या आणि परडीभर फुलं घेऊन यायच्या. थंडी असो, चिखल असो, पायात कधी काही नाही. मातीत चपला घालून जाणं म्हणजे त्यांना ताटावर बूट घालून बसल्यासारखं वाटायचं.

मी सांगतेय त्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले होते. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झालाय, कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे अक्कांना दार दिसायचं, पण दारातला माणूस नाही. ताट दिसायचं, पण त्यातला भात नाही. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या, कारण तसं बघितलं की मी दिसायचे. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. आम्हालाच सवय व्हायला वेळ लागला.

त्यात दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लांबला. बंगळूरला पाऊस जाताना परत परत वळून बघतो, तसा. अंगणात शेवाळ धरलं. अक्कांचा नळापाशी पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर आलं, आणि आमचे हे घाबरले. घाबरलेला पुरुष काय करतो, तर गवंड्याला बोलावतो. संक्रांत झाली की मागची सगळी माती उकरून फरशी घालायची, झाडं काढून टाकायची, चार कुंड्या पुढच्या गॅलरीत ठेवायच्या, असं ठरलं. तोवर मागच्या दाराला कुलूप.

अक्का भांडल्या नाहीत. बाजारातून पुडीत बांधून आलेली फुलं त्या मुकाट्याने देवाला वाहायच्या. मग खुर्ची ओढून त्या बंद दाराशी बसायच्या, दाराच्या फटीतून जेवढं ऊन पायावर पडेल तेवढ्यात. मला ते बघवेना. एका सकाळी हे चहा पीत असताना त्या म्हणाल्या, "प्रकाश, माती झाकू नकोस रे. मला डोळ्यांनी कमी दिसतं, पण पायांना अजून सगळं कळतं."

ह्यांनी कप खाली ठेवला. "तू परत पडलीस तर मी काय करू, अक्का? मला भीती वाटते."

साठी ओलांडलेल्या माणसाचा आवाज असा पोरासारखा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. दोघांचंही खरं होतं, आणि त्याचाच मला राग आला. एकाचं खोटं असतं तर मी दुसऱ्याच्या बाजूने भांडले तरी असते. शेवटी मीच मधे पडले. म्हटलं, मला संक्रांतीपर्यंत द्या. अबोलीपर्यंत पाय न घसरणारी वाट मी करते. संक्रांतीच्या सकाळी अक्का त्या वाटेने एकट्या जाऊन फुलं घेऊन आल्या तर गवंडी येणार नाही, माती राहील. नाही जमलं तर घाला काय फरश्या घालायच्या त्या. हे नाराजीनेच हो म्हणाले. अक्का माझ्या कानाकडे बघून हसल्या.

वाट करते म्हणाले खरी, पण मला वाट करता कुठे येत होती. मी फोनवर एक व्हिडिओ बघितला होता, एवढंच भांडवल. त्यात एक बाई घरच्या घरी सिमेंटचे गोल दगड पाडत होती आणि त्यांवर खऱ्या पानांचे ठसे उमटवत होती. ती त्यांना स्टेपिंग स्टोन म्हणत होती. आम्ही दगडच म्हणालो. पानांच्या शिरा उमटल्या की दगड खरखरीत होतो, त्यावर पाय घसरत नाही, आणि दिसतोही देखणा. माझी स्वारी लगेच यशवंतपूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. तिथे ‘स्वल्प सिमेंट’ मागणारी मी पहिलीच बाई असावी. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अख्खं पोतं गळ्यात मारलं. ते पोतं रिक्षात चढवताना रिक्षावाला जे काही पुटपुटला ते मला कळलं, आणि कळलं नाही असं मी दाखवलं.

साचा म्हणून मी कुंड्यांखालच्या प्लास्टिकच्या थाळ्या घेतल्या. आतून तेलाचा हात फिरवायचा. मी खोबरेल घेतलं, तर बंगळूरच्या थंडीत ते बाटलीतच गोठलेलं. शेवटी वडे तळून उरलेलं तेल कामी आलं, त्यामुळे आमच्या पहिल्या दगडांना चार दिवस वड्यांचा वास होता. थाळीच्या तळाशी पान ठेवायचं, शिरांची बाजू वर. त्यावर सिमेंट आणि वाळू कालवून हळूच ओतायची. रंगाला थोडी गेरू. अक्कांनी बसल्या जागेवरून सांगितलं, नारळाचा काथ्या बारीक तोडून घाल, म्हणजे दगड तडकणार नाही. पूर्वी भिंतीच्या मातीत भाताचा पेंढा घालायचे तसंच. मी घातला. मग थाळ्यांवर ओलं गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहायचं. सिमेंटला उन्हाची घाई चालत नाही, ते गारव्यात सावकाश पक्कं होतं. ती थंडी त्या कामाला जणू बोलावूनच आणली होती.

पानं मी हौसेने निवडली. दारचं अळू तर होतंच, आणि त्याचं भलंमोठं पान सिमेंटखाली घालते म्हटल्यावर, एवढ्यात वडी झाली असती असं हे तीनदा म्हणाले. देवळाच्या कट्ट्यावरून पिंपळाची पानं वेचली. त्यांच्या शिरा किती नाजूक असतात ते जवळून बघावं. बेलाचं त्रिदळ, तुळशीची डहाळी, विड्याचं पान. आठवड्याने थाळ्या उलट्या केल्या, पानाचं टोक नखाने उचलून सोललं, आणि खाली पिंपळाची शीर न् शीर दगडात. मी अंगणातच मटकन बसले. इतकं सुंदर काही माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. शेजारच्या वनजाक्षम्मा भिंतीवरून डोकावल्या, त्यांनी पिंपळाचा दगड बघितला आणि हात जोडले. मला वाटलं, माझ्या कलेला जोडले. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दगड मातीत बसवले. वाळूचा थर, त्यावर दगड, मातीच्या बरोबरीने, म्हणजे बोट अडखळू नये. एरवी माझ्या कामापुरतं उघडायचं ते कुलूप ह्यांनी त्या दिवशी अक्कांसाठी काढलं आणि पायरीवर उभे राहिले. अक्कांचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. त्या परडी घेऊन खाली उतरल्या. पहिल्या दगडावर पाय ठेवला, आणि थबकल्या. अंगठा इकडून तिकडे फिरवला. अळू, ओळखलं त्यांनी, आणि पाय बाजूला मातीत घेतला. दुसऱ्या दगडावर बोटं टेकली न टेकली तोच त्यांनी पाय निखाऱ्यावर पडल्यासारखा उचलला आणि लांब ढांग टाकली. ती पडली पिंपळावर. तोही पाय उचलला. तोल गेला. मी धावले, पण त्याआधी त्यांच्या हाताला पेरूची फांदी सापडली होती. फांदीला धरून त्या श्वास घेत उभ्या राहिल्या.

"बेलावर पाय देऊ, सुमन?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता.

 करायला गेले एक आणि झालं भलतंच. जगात इतकी पानं, आणि मी नेमकी तीच निवडली होती जी आपण देवाला वाहतो, नाहीतर कपाळाला लावतो, नाहीतर खातो. बरं, अक्कांचं सोडा. माझ्या लक्षात आलं की दगड बसवताना दोन दिवस मी त्या वाटेवर येरझाऱ्या घातल्या होत्या, त्या सगळ्या दगडांच्या कडेने, चिखलातून. एकदाही माझा पाय पिंपळावर पडला नव्हता. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, पायानेच आपलं ठरवून टाकलं होतं. पडू नये म्हणून केलेली वाट, आणि तिच्यावर पाय द्यायला घरात कुणीच तयार नाही.

हे पायरीवरून एवढंच म्हणाले की गवंड्याला आजच फोन करतो. अक्का फांदी न सोडता म्हणाल्या, संक्रांत अजून झाली नाही.

त्या दुपारी आम्ही दोघी अवरेकाईचे दाणे दाबायला बसलो. डॉक्टरांनी मनगटाच्या व्यायामाला चेंडू दाबायला सांगितला होता, अक्का दाणे दाबायच्या. त्यांचा वेग माझ्या दुप्पट, आणि एक दाणा इकडे तिकडे उडायचा नाही. मी पानांची नावं घ्यायची आणि त्यांनी निकाल द्यायचा, असं सुरू झालं. आंबा? तोरणाला लावतो, नको. केळ? जेवतो त्यावर, नको. अडुळसा? औषध आहे. जास्वंद? फूल गणपतीचं, झाडही त्याचंच. रुई मारुतीची, आघाडा हरतालिकेचा, दूर्वांचं तर नावच काढू नको. मी वैतागले. म्हटलं, मग काँग्रेस गवत तेवढं उरलं, आणि त्याने तुमच्या पायांना खाज सुटेल. अक्का एवढ्या हसल्या की मांडीवरचं ताट हललं.

मग दाणे दाबता दाबता त्यांनी स्वतःच सांगितलं. "रस्त्यावरची झाडं बघ ना. कुणीतरी परदेशातून आणून लावली ती. कुठल्या देवाला चालत नाहीत, कुणाच्या ताटात येत नाहीत. त्यांच्यावर पाय दिला तर कुणाचं काही जाणार नाही."

गेली कित्येक वर्षं मी ह्या रस्त्यांवरून भाजी आणत होते, पण झाडांकडे त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. गुलाबी फुलांचा टॅबेबुया, त्याचं पान पाच बोटांच्या पंजासारखं. जॅकरांडाचं पान पिसासारखं. देशी बदामाचं जाड, चामड्यासारखं, थंडीत लालबुंद होऊन गळणारं. त्याला आपण देशी म्हणतो खरं, पण तोही बाहेरचाच. आणि वनजाक्षम्मांच्या परसातला दिवीहलसू, आपला नीरफणस, त्याचं पान सुपाएवढं, कडेला खोल खोल कापलेलं. त्याच्या फळाची भजी आपण खातो, ह्यावर मी शंका काढली. फळ खातो, पान कुठं खातो, असं म्हणून अक्कांनी ते पास केलं. ही सगळी झाडं कुठून कुठून आलेली, आणि आज ती काढली तर हे शहर उन्हात उघडं पडेल. ह्यांच्या घराण्यासारखीच गत. आणि माझ्यासारखी. आलो, आणि सावली धरून उभे राहिलो.

सकाळी फिरायला गेले की मी पिशवी घेऊन पानं वेचायचे. झाडूवाल्या बायका बघत राहायच्या.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. आधी वाट, मग दगड. अक्कांना म्हटलं, तुम्ही तुमच्या चालीने माझा हात धरून चाला. त्या चालल्या, आणि जिथे जिथे त्यांचं पाऊल पडलं तिथे मी चिमूटभर रांगोळी टाकत गेले. माझ्या चालीने दगड बसवले होते तेव्हा अंतर जास्त पडलं होतं. अक्कांची पावलं लहान लहान होती. वळून बघितलं तर दारापासून अबोलीपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. अक्कांना ती डोळ्यांच्या कडेने दिसली. मला गौर केलीस की काय, म्हणाल्या.

शेजारी शेजारी एकसारखी दोन पानं घेतली नाहीत. नळाशी बदाम, कारण तो सगळ्यात खरखरीत. मग टॅबेबुयाचे पंजे, त्यांच्या मधे जॅकरांडाचं पीस. पेरूपाशी वाट वळते तिथे नीरफणस, म्हणजे त्या खोल कापा पायाला लागल्या की वळायचं. शेवटचा दगड मात्र आपल्या हाताने करायचा अक्कांचा हट्ट होता. त्यात पान नको, नुसते बारीक गोटे कडेने लावते म्हणाल्या. थाळी त्यांच्या मांडीसमोर ठेवली, मिश्रण ओतलं, त्यांनी चापून सारखं केलं. मग गोटे लावायला कड शोधताना अंदाज चुकला आणि त्यांचा डावा हात, प्लास्टरातून निघालेला, बारीक झालेला तो हात, ओल्या सिमेंटमधे मधोमध पंजाभर रुतला.

मी थापी घेऊन पुसायला गेले. त्यांनी उजव्या हाताने मला अडवलं. डावा हात तसाच आणखी थोडा दाबला आणि मग उचलला. सगळ्या रेषा उमटल्या होत्या, बोटांची पेरंसुद्धा.

मी म्हटलं, अक्का, तुमच्या हातावर आम्ही कसा पाय देणार?

"अगं, कुणी पडू नये म्हणूनच हात पुढे करतात," त्या म्हणाल्या. "त्यावर पाय द्यायचा नाही तर काय, पूजा करायची?"

तो दगड शेवटी, अबोलीच्या वाफ्यापाशी बसला. बेल, पिंपळ, तुळस आणि विड्याचं पान ह्यांचे दगड काढून मी तुळशीभोवती लावले. तिथे ते शोभलेही. अळूचा दगड नळाखाली गेला.

संक्रांतीची सकाळ. ताटात तीळगूळही होता आणि इथला एळ्ळु-बेल्लाही, तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाणे एकत्र केलेला. आमच्या घरात दोन्ही लागतात. अक्का आंघोळ करून मागच्या दारात आल्या. पहिल्या पायरीवर बसल्या, वाकून पहिल्या दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला. सकाळी उठून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीची माफी मागतात, तशी एकदाच सगळ्या पानांची माफी. मग उठल्या आणि चालायला लागल्या. हे दारात उभे होते आणि दाराची चौकट त्यांनी अशी धरली होती की जणू तेच पडणार होते. बदाम. पंजा. पीस. पंजा. नीरफणसावर त्या थांबल्या, तळवा फिरवला, आणि पेरूला हात न लावता वळल्या. शेवटच्या दगडावर त्यांचा पाय त्यांच्याच हातात पडला. तिथे उभं राहून त्यांनी फुलं खुडली, सावकाश, बोटांनी चाचपून, कळ्या सोडून नेमकी उमललेली. परत आल्या आणि भरलेली परडी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी तीळगूळ घ्यायच्या आधीच गवंड्याला फोन केला. नको म्हणाले, राहू दे. तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, समोरच्या गवंड्याला बिचाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

त्यानंतर काही वर्षं ती वाट रोज चालली गेली. नजर आणखी कमी होत गेली. शेवटी शेवटी घरातल्या घरात अक्का खुर्च्यांना अडखळायच्या, पण मागे कधी अडखळल्या नाहीत. दगडांच्या सांध्यांतून दूर्वा उगवल्या, त्या त्यांनी उपटू दिल्या नाहीत. देवाच्या असून बिनदेवाच्या पानांच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्यात, म्हणायच्या. गेल्या पावसाळ्यात चार दिवस ताप आला आणि त्या गेल्या. हातातल्या हातात गेल्या, असं आमच्याकडे म्हणतात, तशा. फार सोसावं लागलं नाही, हे सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण त्याने माझं काही भागत नाही. मला त्या हव्या होत्या.

तेव्हापासून फुलं आणायला मी जाते. बदामावर पाय देते, पंज्यांवर देते, नीरफणसावर देते. शेवटच्या दगडापाशी आले की ढांग टाकून पलीकडे जाते. हेही तसंच करतात. आम्ही ह्याबद्दल कधी बोललो नाही. शेवटच्या दगडाच्या कडेला मातीत आमच्या दोघांच्या पायांनी खड्डा पडत चालला आहे, एवढंच.

आज सकाळी गारठा होता. बोटांना कालच्या अवरेकाईचा वास अजून होता. परडी घेऊन गेले, शेवटच्या दगडाशी ढांग टाकली, आणि गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खड्ड्यातल्या ओल्या मातीत पाय सरकला. मागे हात टाकला तो पेरूच्या फांदीवर. तीच फांदी, आता वाढून वाफ्यापर्यंत आलेली. धरून उभी राहिले आणि स्वतःचाच भयंकर राग आला. बेलावरून ढांग टाकणाऱ्या बाईला ज्या वाटेने वाचवलं, त्याच वाटेवर मी ढांगा टाकत होते.

हे दारात आले होते. त्यांनी बघितलं होतं. पायात चपला सरकवून पायरीवर उतरले. मग म्हणाले, "तो दगड काढून तुळशीपाशी लावू या का? बाकीच्यांबरोबर."

"नको," मी म्हटलं. "तिथे देव आहेत. अक्कांना वाटेतच राहू दे."

मी फांदी सोडली, मागे आले, आणि त्या हातावर पाय ठेवला. गार लागला. माझी टाच तळव्याच्या खळग्यात बसली आणि बोटं बोटांवर. हलला नाही, सरकला नाही. तिथे उभं राहून मी फुलं खुडली. मग परत पाय काढून खाली वाकले, गुडघा कुरकुरला तरी वाकले, त्या हाताला हात लावला आणि कपाळाला लावला. कुणाला चुकून पाय लागला की लावतो ना, तसा. माझा चुकून लागला नव्हता.

मागे, पायरीवर, ह्यांनी चपला काढल्याचा आवाज आला.